चांदी लाल पडली

ताईचं डोकं सकाळपासून तापलं होतं, आणि त्याला भट्टी लागली नव्हती. सख्खा भाऊ पुरला.

तांब्याच्या कड्यात चांदीचं पान बसवलेली कानातली ही ताईची खासियत. पत्रा कापणं, तार ओढणं, तापवून झाळणं म्हणजे जोडणं, घासणं, सगळं तिचंच. धाकट्याकडे एकच खातं, गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं. तेवढं मात्र तो असं करायचा, की माणूस न घेता निघालाच तर त्यालाच चोरट्यासारखं वाटावं.

एका मोठ्या दुकानाच्या मालकीणबाईंनी मागे येऊन थोडी कानातली नेली होती, आणि आता त्यांना ती दुकानात ठेवायला हवी होती. काचेच्या कपाटात मांडणार, शेजारी कारागिराचा फोटो, आणि प्रत्येक नगावर कारागिराची छाप. दुपारी त्या स्वतः माल बघायला येणार होत्या.

आणि सकाळी चहाच्या वेळी आईने कौतुकाने धाकट्याचा मोबाईल ताईच्या नाकासमोर धरला. "बघ, कसा रुबाबदार आलाय!"

फोटोत धाकटा ऐरणीपाशी बसलेला. ताईचा ॲप्रन, ताईची हातोडी, आणि चेहरा असा, जणू जगातलं सगळं तांबं यानेच ठोकलंय.

"हा कशाला काढलास?"

"दुकानात लावायला. तुझा फोटो चांगला येत नाही, तूच म्हणतेस ना?" धाकटा बिस्कीट बुडवत म्हणाला. "छापही करून आणली, माझ्या नावाच्या अक्षराची. घरातलंच आहे सगळं."

"आयुष्यात एक तार तरी सरळ केलीयस का रे?"

"जाऊ दे गं," आई म्हणाली. "लहान आहे तो."

"चाळिशी उलटली त्याची! चष्मा लागलाय लहानाला!"

कप आदळून ताई कारखान्यात आली. कारखाना म्हणजे मागची खोली. एक खिडकी, एक टेबल, आणि कोपऱ्यात तेजाबाचं भांडं. झाळलेला नग काळा पडतो, तो तेजाबात टाकला की उजळ निघतो. या भांड्यात फक्त तांब्याचा चिमटा घालायचा, लोखंडाचा चुकूनही नाही. कारण वापरून वापरून तेजाबात तांबं उतरलेलं असतं, आणि लोखंड बुडालं की ते तांबं आतल्या चांदीवर जाऊन बसतं. ताईने हे आल्यागेल्याला इतक्यांदा ऐकवलं होतं, की पोस्टमनलाही पाठ होतं.

"घरातलंच आहे म्हणे! मेला!" असं पुटपुटत तिने हाताला येईल तो चिमटा उचलला आणि दुपारसाठीची पानं टाकलेल्या भांड्यात खसाखसा ढवळला. डोळ्यांसमोर धाकट्याचा कान होता.

पानं बाहेर काढली, तर सगळी लालसर गुलाबी.

ताईने हातातल्या चिमट्याकडे बघितलं. लोखंडी. मग तिने धाकट्याला, चिमट्याला आणि स्वतःला, या क्रमाने शिव्या घातल्या. लाल कड्यात पांढरं पान, हीच तर त्या कानातल्यांची गंमत. लालात लाल कोण घेणार? थर पातळ होता, घासून निघाला असता, पण एकेक पान हळू घासायचं म्हणजे तासन् तास. तिने ब्रश उचलला.

आणि मध्येच थांबली. सगळं मीच केलंय असं कोण सांगत फिरतंय?

तिने ब्रश ठेवून दिला. पानं धुतली, पुसली, ताटात नीट मांडली आणि वर फडकं झाकलं. राग गेला नव्हता. त्याला नुसतं काम मिळालं होतं.

मालकीणबाई आल्या. धाकट्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. "बघा मॅडम, एकूण एक पान माझ्या हातचं," म्हणत ऐटीत फडकं उचललं.

बाईंनी चष्मा वर केला. "हे काय?"

"हे... हे नवीन आहे. गुलाबी."

"लोखंड घातलंत ना तेजाबात? अहो, शिकाऊ माणूससुद्धा हे करत नाही! असल्या कारागिराचा फोटो मी माझ्या दुकानात लावू?"

धाकट्याला घाम फुटला. "मी नाही हो! ताईने केलं!"

"तुमच्या हातचं आहे म्हणालात."

"तसं म्हणायचं असतं! मी त्या भांड्याजवळही जात नाही. सगळं तीच करते, पहिल्यापासून!"

आई हळूच म्हणाली, "मूर्खा."

"चूक माझीच," ताई पुढे झाली. "आणि आधी नेलेली, तुम्हाला आवडलेली, तीही माझीच."

"मग इतके दिवस गप्प का बसलात?"

"तुम्ही विचारलंत कधी? दारात आलं की ज्याला मिशा त्याच्याशी बोलायचं! मागच्या खेपेला मी पाणी आणून दिलं, तेव्हा माझे भाजलेले हात दिसले नाहीत?"

बाई चपापल्या. ताटातलं एक पान उचलून म्हणाल्या, "उद्या पांढरी करून द्याल?"

"देईन. पण छाप माझी पडेल, आणि ती मला करून घ्यावी लागेल. याच्या छापेने हवी असतील तर आत्ताच दुसरा कारागीर बघा."

आईने कपाळावर हात मारला. धाकटा खुणा करत होता, सोड, सोड. ताईने मान वळवली नाही.

"करून घ्या. उद्याचं राहू दे, छाप होईपर्यंत मी थांबते," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

त्या दाराशी गेल्यावर धाकटा जवळ सरकला. "ताई, घासायला मदत करू?"

"भांड्याला हात लावलास तर तुलाच त्यात बुडवीन."

"मग मी करू तरी काय?"

"बोलायचं काम तुझंच ना? बाई चपला घालतायत. जा, आणि तो फोटो त्यांच्यासमोर पूस."