सुमनबाईच्या साड्यांचा मंडप

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. शिंप्याची, पितळी मुठीची, वीतभर पात्यांची. तुमच्या कंपासपेटीतल्या त्या गोल टोकाच्या खेळण्याशी माझी तुलना करू नका, मला राग येतो. आणि आधीच सांगून ठेवते, दुधाची पिशवी फोडायला मला हात लावायचा नाही.

माझा जन्म मेरठचा. नांदेडच्या बाजारातून जिलानी मास्तरांनी मला विकत घेतलं आणि मुदखेडला स्टेशनाजवळच्या आपल्या दुकानात आणलं. शिंप्याला आमच्याकडे मास्तर म्हणतात. माझे दिवस मोठे मजेचे होते हो! शाळेचे गणवेश, ईदचे कुर्ते, नवरदेवांचे सफारी, काय काय कापलं मी. मास्तर कापडावर खडूची रेघ ओढत, दोनदा मोजत, मग मला उचलत. मास्तर गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय कधी कापड कापत नसत. दुसऱ्या कुणी मला घेतलं तर त्यांचा पारा चढायचा.

पुढे तयार कपड्यांची दुकानं आली. मास्तरांचं काम कमी झालं, आणि एके वर्षी मास्तरही गेले. मी गौसियाबीच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या हाती आले. तिनं काय करावं? मला पतंगाच्या कागदाला लावलं! कापडाच्या कात्रीनं कागद कापला की धार जाते, हे कुठलाही शिंपी सांगेल. मी लई रुसले. अडून बसायची, कागद चावायची. पण गौसियाबीला घर चालवायचं होतं, तिथं माझ्या रुसव्याला कोण विचारतो.

हळूहळू मलाही गोडी लागली. भीमजयंतीला निळ्या पताका, ईदेला हिरवे चांद, गणपतीत लाल झालरी, आणि उरलेल्या तुकड्यांतून कुणाच्या तरी पोराच्या वाढदिवसाच्या माळा. जुन्या लग्नपत्रिकांतून गौसियाबी अशी कमळं काढायची की बघत राहावं. ज्याला मोठा मंडपवाला परवडत नाही तो गौसियाबीकडे यायचा, आणि जाताना त्याच्या तोंडावर हसू असायचं. गल्लीत कौतुक तिचं व्हायचं, पण थोडं मीही माझ्याकडे घ्यायची.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते. मान खाली घालूनच सांगते.

शेजारी रामकिशन राहतात. रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. त्यांची बायको सुमनबाई तीन वर्षांपूर्वी वारली. मुलगी लुंबिनी नांदेडच्या दवाखान्यात नर्स. तिचं लग्न चाकूरच्या आनंदराजशी ठरलं, तो तिथं शाळेत शिकवतो. लग्नाला आठवडा राहिला असताना एका दुपारी लुंबिनी मोठं गाठोडं घेऊन आमच्या ओसरीवर आली.

"खाला, मंडपवाल्यानं आकडा सांगितला तवा बाबांचं तोंडच उतरलं. मला दिखावा नको. ह्या आईच्या साड्या हायेत, अकरा. ह्याचाच मंडप करा. मला आई मंडपात पाहिजे."

गौसियाबीनं साडीवरून हात फिरवला. "बेटा, रामकिशनभाऊला विचारलं का?"

"विचारलं तर न्हाई म्हणतील. पेटीला हात लावू देत न्हाईत कुणाला. आज चाकूरला गेलेत म्हणून काढल्या. एकदा मंडप उभा राहिला की बघून खूश होतील."

गौसियाबीनं इथंच थांबायला हवं होतं. पण पोरीचे डोळे भरून आले होते, आणि सुमनबाई तिची जिवाभावाची मैत्रीण. माझं म्हणाल तर किती वर्षांनी कापड दिसत होतं! माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

मंडपाच्या कडेला झालर हवी होती, त्यासाठी एक साडी कापावी लागणार होती. "पांढऱ्या चार हायेत," लुंबिनी म्हणाली, "सगळ्या सारख्याच. त्यातली जुनी कापा." जरीच्या साड्या बाजूला राहिल्या आणि एक साधी, सुती, धुऊन धुऊन मऊ झालेली पांढरी साडी माझ्यापुढं आली. मी आडवी चालले. कचकच करत एका दमात साडीचे दोन तुकडे केले. मला फार बरं वाटलं, हे लपवणार नाही.

उन्हं उतरताना रामकिशन चाकूरहून परतले आणि मुलीला शोधत ओसरीवर आले. त्यांनी साड्या पाहिल्या. मग खाली बसून त्या पांढऱ्या तुकड्याचा काठ बोटांनी चाचपत गेले. एका जागी उदबत्तीनं पडलेलं बारीक छिद्र होतं, तिथं थांबले.

"ही लग्नातली हाय," ते म्हणाले. "विहारात बसलो होतो तवा उदबत्ती लागली हिला."

आमच्या या शेजाऱ्यांकडे लग्नात नवरी पांढरी साडी नेसते. चार सारख्या साड्यांतली ती कोणती, हे फक्त रामकिशनना ठाऊक होतं.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. कापलेले तुकडे तिथंच सोडून त्यांनी उरलेल्या दहा साड्या गोळा केल्या, घरी नेल्या, पेटीला कुलूप घातलं. "भाड्याचा मंडप सांगतो," एवढंच लुंबिनीला म्हणाले. पुढचे दोन दिवस बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. लग्नघरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. माझ्या पात्यांची मला लाज वाटत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी गौसियाबीनं त्या दोन तुकड्यांच्या कडा दुमडून हातशिलाई पुरी केली. मला ओढणीत गुंडाळलं आणि रामकिशनच्या दारात गेली.

"भाऊ, चूक माझी हाय. विचारल्याबिगर कापड कापायचं न्हाई, हे मास्तरनं मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. ही कात्री तुमच्यापाशी ठेवा, लग्न होईस्तोवर मला नको. एक धागा न कापता, एक टाचणी न टोचता मंडप उभा करते. तुम्हाला पटला न्हाई तर भाड्याचा हायेच."

रामकिशननी तिच्या हातातले तुकडे घेतले आणि शिलाई बोटांनी चाचपली. "ही सांधता येईल?"

"येईल. पण सांधा दिसंल. खोटं कशाला बोलू, भाभी म्हणता मला."

त्यांनी तुकडे पिशवीत ठेवले, मला सदऱ्याच्या खोल खिशात टाकलं, आणि लुंबिनीकडे न बघताच पेटीची किल्ली तिच्यापुढं धरली.

मित्रांनो, माझ्याशिवाय मंडप उभा राहील असं मला वाटलंच नव्हतं. गौसियाबीनं काय केलं असेल? वाटीभर चिंचोके घेतले! साडीच्या कोपऱ्यात एक चिंचोका धरायचा, वरून सुतळीची गाठ मारायची आणि ती बांबूला बांधायची. साडीला भोक नाही, फाडाफाड नाही. चुण्या घालून साड्या मधल्या बांबूपासून चहूबाजूंना गेल्या. कडेला झालरीऐवजी पत्रिकांची कमळं लागली, गौसियाबीनं आधीच कापून ठेवलेली होती ती. शेजाऱ्यांनी घरचे तांबे घासून दिले, त्यांत झेंडू बसले. विहारापुढचं अंगण ओळखू येईना.

हे मी नंतर ऐकलं. लग्नाच्या दिवशी मी रामकिशनच्या नव्या सदऱ्याच्या खिशात होते. जुन्यातून काढून त्यांनी मला नव्यात का ठेवलं, कोण जाणे. खिशातून दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं.

बायका आल्या आणि वर बघायला लागल्या.

"अगं, ही अबोली! लुंबिनीला नर्सिंगला सोडायला स्टेशनावर आली तवा हीच नेसली होती. गाडी गेल्यावर माझ्या खांद्यावर लई रडली."

"ही जांभळी माझ्या सुनेला डोहाळजेवणाला दिली होती. परत द्यायला गेले तर म्हणली, राहू दे अजून, तिला खुलती."

"अन् ही हिरवी? घरी किंमत निम्मीच सांगितली होती बाईनं."

रामकिशन एकेका साडीखाली थांबत होते. यातलं निम्मंअधिक त्यांना माहीतच नव्हतं. स्टेशनावरचं रडणं त्यांना कधी सांगितलं नव्हतं तिनं. हिरव्या साडीचं ऐकलं आणि ते हसले. बारीक, छातीतल्या छातीत. मी खिशात होते म्हणून मला कळलं. मग त्यांचा हात आत आला आणि त्यांनी माझी मूठ घट्ट धरली. त्रिशरण-पंचशील म्हणून होईपर्यंत ती सोडली नाही.

संध्याकाळी चाकूरची गाडी दारात लागली. पुढचं काही मी ऐकलं, काही गौसियाबीनं नंतर सांगितलं. लुंबिनी वडिलांसमोर उभी राहिली. "बाबा, मी विचारायला पाहिजे होतं," एवढंच कसंबसं म्हणाली.

रामकिशननी पिशवीतून पांढऱ्या साडीचे दोन्ही तुकडे काढले. एक तिच्या हातात ठेवला.

"अर्धी तुझी, अर्धी माझी. अख्खी असती तर मी कुणालाच दिली नसती, बेटा. तुलाबी न्हाई."

बापलेक मग किती वेळ रडले ते मी मोजलं नाही. गाडीवाला आनंदराजला काहीतरी विचारायला लागला, तर त्यानं त्याला हातानंच थांबवलं. गाडी गेल्यावर रामकिशननी मला गौसियाबीच्या हाती दिलं.

मित्रांनो, लग्न असो की सण, बाजारात धावण्याआधी घरात बघा. पेटीतली साडी, वाटीतले चिंचोके, शेजारणीचा तांबा, एवढ्यातही मंडप हसतो. पण वस्तू ज्याची आहे त्याच्याजवळ आधी बसा. आता कुणी साड्या घेऊन आलं की गौसियाबी मला बाजूला ठेवते, आलेल्याला पाणी देते आणि विचारते, "ही कुणाची, अन् कधी नेसायची?" सांगणारा सांगत बसतो. कधीकधी चहा होतो, दुपार टळते, आणि तो माणूस साड्या तशाच घेऊन घरी जातो. मी मिटलेल्या पात्यांनी पडून ऐकते. तुम्हीही तेवढं ऐका, आणि मगच मला उचला.