बारा ग्रॅम कमी

मी स्वयंपाकघरातला वजनकाटा बोलतोय. अंगानं पांढरा, वर स्टीलची ताटली, खाली दोन बटणं. जन्म कुठल्याशा कारखान्यात, शेकडो भावंडांबरोबर एकाच पट्ट्यावर. खोक्यात घालण्याआधी तिथल्या एका बाईनं माझ्यावर शंभर ग्रॅमचं वजन ठेवलं. मी शंभर म्हटलं. ती म्हणाली, "हा चांगला आहे." खरं बोलल्याबद्दल मिळालेली ती पहिली शाबासकी. शेवटचीही तीच.

मला निवडलं रेणूनं. लग्नाआधी तुमसरहून भंडाऱ्याला बसनं जाऊन तिनं महिनाभर केकचा क्लास केला होता. लग्न पवनीत ठरलं तेव्हा तिचा भाऊ श्रावण म्हणाला, "भांडीकुंडी सगळेच देतेत. तुले केकासाठी काय पाह्यजे ते लिहून दे."

तिनं पानभर यादी लिहिली आणि मग पेन घेऊन खोडायला बसली. बदामाच्या आकाराचा साचा गेला. वर्षातून एकदा लागतो, बाकीचे दिवस जागा अडवतो. फिरता स्टँड गेला; ताटाखाली वाटी उलटी घातली की ताट फिरतं. विजेचा बीटर गेला. लाइनीचा भरवसा नाही, हातानं फेटायचा घेतला. दोन साधे गोल डबे राहिले, एक रबरी उलथणं, छोटा ओव्हन. आणि सगळ्यात वर मी.

"काटा?" श्रावण हसला. "सासरी काटा घेऊन जातेस? किराणा दुकान टाकून राहिली का?"

"डबा नसला तर गंजात-पातेल्यात होते दादा. माप चुकलं तर कशातच होत नाही. क्लासच्या मॅडम म्हणे."

असा मी पवनीत आलो.

घर विणकरांचं. समोरच्या खोलीत कधीकाळी माग होता. तो निघाला तरी खोलीचं नाव मागाची खोलीच. रेणूची सासू विमला. बोलणं मोजकं, हात मात्र सतत चालू. तीस वर्षं माग चालवलेले हात, रिकामे बसले की पदराचेच धागे चाचपत. सामान उघडलं तेव्हा ओव्हन तिनं कौतुकानं पाहिला, डबे वाजवून पाहिले. माझ्यापाशी येऊन थांबली.

"हे काय?"

"काटा आहे आई."

"आमच्या घरात कधी काटा नव्हता," ती म्हणाली आणि पाणी भरायला निघून गेली. का नव्हता, ते रेणूनं विचारलं नाही. नवी सून विचारत नसते. रेणू तर एरवीही विचारणारी नव्हती.

चारेक महिने गेले. शेजारच्या जनाबाईच्या नातीचा वाढदिवस आला. "तुमची सून केक करते म्हणे, मंग बाजारचा कायले आणू?" असं ती अंगणातूनच ओरडली. त्या दिवशी विमलानं रेणूला जवळ बसवून सांगितलं, "एक करून दाखव. जनाबाईनं नाव नाही ठेवलं, तर मागाची खोली तुले. तिथंच मांड तुझा पसारा."

रेणू त्या खोलीत जाऊन उभी राहिली. ओव्हन कुठे, टेबल कुठे, खिडकीशी काय, सगळं बोटानं हवेत मांडून आली. लग्नानंतर मी तिला पहिल्यांदा गुणगुणताना ऐकलं.

केकच्या दिवशी तिनं मला ओट्यावर घेतलं. कणीक, पिठीसाखर, दही, सगळं माझ्यावरून गेलं. एवढ्यात विमला वाटी घेऊन आली. घरच्या सायीचं, हातानं कढवलेलं रवाळ तूप. कोणी मागितलं नव्हतं.

"डालडा नको घालू पोराइच्या पोटात. हे घे. दोनशे ग्रॅम हाय, अंदाजानं आणलं. माहा अंदाज चुकत नाही."

तिनं आपणहून रेणूकडे टाकलेलं ते पाऊल होतं, हे मला आता कळतं. तेव्हा मी माझं काम केलं. रेणूनं तिचं. रिकामी वाटी ठेवून बटण दाबलं, शून्य आलं, तूप ओतलं. आणि क्लासमध्ये लागलेल्या सवयीनं आकडा मोठ्यानं वाचला.

"एकशे अठ्ठ्याऐंशी. आई, बारा ग्रॅम कमी भरते."

विमलाचा हात पदराशी गेला.

"शेठही असाच म्हणे," ती म्हणाली. आवाज चढला नाही. बाहेर गेली.

नंतर भूपेंद्रनं, रेणूच्या नवऱ्यानं, सांगितलं. शेठ सूत तोलून द्यायचा, विणलेलं लुगडं तोलून घ्यायचा. उन्हाळ्यात सूत वाळून हलकं होतं. लुगडं कमी भरायचं. दहा बायांसमोर शेठ आकडा वाचायचा आणि विचारायचा, "बाकीचं घरी ठेवलं का वो?" तीस वर्षं. "तुले आधीच सांगाले पाह्यजे होतं," भूपेंद्र म्हणाला. पाहिजे होतं खरं.

पण त्या क्षणी रेणूला काहीच माहीत नव्हतं. तिला एवढंच कळलं की काही तरी फुटलं. तिनं मला बंद केलं, फळीवर ठेवलं आणि उरलेलं माप वाटीनं, घाईघाईनं घेतलं.

केक कडेनं फुगला आणि मधोमध बसला. जनाबाईनं तो नेला, संध्याकाळी रिकामं ताट घेऊन आली. "चव चांगली हाय वो. पण मधात विहीर खोदली होती का?" सगळे हसले. विमलाही हसली.

"हाताचं असंच असते," ती म्हणाली. "कमी-जास्त होते."

रात्रभर शब्द जुळवून सकाळी रेणू म्हणाली, "आई, चुकलं माझं."

"तुझं काय चुकलं पोरी? आकडा तं काट्यानं सांगितला."

दार असं बंद झालं की ठोकायला जागाच राहिली नाही. भांडण असतं तर मिटलं असतं. विमला तिच्याशी गोड बोलते, भाजी निवडून देते, आजारी पडली तर डोकं दाबते. "कर ना केक, कोणी नाही म्हणलं?" असंही म्हणते. पण धान आलं तेव्हा पोती मागाची खोली भरून डोक्याच्या वरपर्यंत रचली. ती हलतील असं वाटत नाही. खिडकीही झाकली गेली आहे.

आता ओव्हन पोत्यांवर आहे आणि मी ओव्हनच्या पोटात, दोन डब्यांच्या मधे. परवा जनाबाईची सून विचारायला आली, "वहिनी, केक करून देता का?" मी कान टवकारले.

"मले येत नाही तेवढं," रेणू म्हणाली. तिला येतं. मी साक्षीदार आहे. पण मला कोण विचारतो?

तुम्ही घरी केक करायची यादी करत असाल तर मॅडमचं ऐका, मला सगळ्यात वर लिहा. मी खोटं बोलणार नाही. फक्त एवढं करा: कुणी आपल्या हातानं काही आणून दिलं, तर आकडा मनातल्या मनात वाचा. कमी भरलं तर पाठ फिरवून आपल्या डब्यातलं चमचाभर घाला. केकला कळत नाही, तूप कुणाचं होतं ते.