पानांच्या शेजारचा सर्व्हर

मित्रांनो, पालघरच्या एका कॉलेजातला मी जुना सर्व्हर. सगळ्यांचे निकाल, हजेऱ्या आणि प्रकल्प माझ्या पोटात असतात. जन्म कुठल्याशा कारखान्यातला. तिथलं काही आठवत नाही, कारण इथे आल्या आल्या माझी मेमरी पुसली गेली. उद्घाटनाला मला हार घातला, नारळ फोडला, पाणी अंगावर उडालं आणि मी दोन दिवस बंद राहिलो. कौतुकाचा तेवढा एकच प्रसंग. पुढे दहा वर्षं माझ्याकडे कोणी वळून पाहिलं नाही. एसी मात्र चोवीस तास होता. प्राचार्यांखेरीज तो मान फक्त मला.

त्या एसीनेच मला शेजार दिला. जवळच्या माहीम गावची तेजल संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. वडिलांचा पाय मोडल्यापासून पानमळ्यातली विड्याच्या पानांची करंडी तीच सकाळच्या एसटीने आणायची. व्यापाऱ्याचा टेम्पो स्टेशनवर तीनला यायचा. तोवर उन्हात पानं टिकत नाहीत. म्हणजे पानं सांभाळा नाहीतर वर्ग. शेवटी सरावलीहून येणाऱ्या शिपाई इंदुबाईंनी, माझी देखभाल करणाऱ्या प्रफुल्लसरांच्या नकळत, माझ्या खोलीचं दार उघडलं.

"ठेव आत. पण प्रफुल्लसरांनी पकडलं तर मी तुला ओळखत नाही."

"मी पन तुमाला वलखत नाय, मावशी."

असं सहा महिने छान चाललं. एप्रिलात एका दुपारी एसी गुपचूप बंद पडला. नियमाप्रमाणे मी प्रफुल्लसरांना धोक्याची मेल पाठवली. न वाचलेल्या मेलांत ती चार हजार दोनशे बारावी होती. तेव्हा माझ्यावर तेजलच्या वर्गाचा एआय प्रकल्प चालू होता. पानांचे दहा हजार फोटो बघून मी रोगट पान ओळखायला शिकत होतो. शेजारी खरी पानं माना टाकत होती. ती मला कळली नाहीत. त्यांचा फोटो कोणी काढला नव्हता.

मधल्या सुट्टीत तेजल करंडीवरचं ओलं फडकं बदलायला आली.

"मावशी, पानं गरम हायत. एसी मेलाय."

"करंडी उचल आणि नीघ. सरांकडे गेलीस तर विचारतील, तुझं आत काय काम होतं? उद्यापासून दार बंद. मग कॉलेज कसं करशील?"

तेजलने माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यो जलला तर सगल्या वर्गाचं वर्ष जाईल," म्हणाली आणि सरांना बोलवायला गेली.

सर धावत आले. मला नीट बंद केलं, मग करंडीकडे वळले.

"हे काय?"

"माझी पानं, सर. तीच आधी सुकली, म्हनून कललं."

करंडी उचलून सर थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. त्या दुपारी पानं सोफ्यावर बसली आणि पाहुणे उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी बोईसरच्या मेकॅनिकने एसी दुरुस्त केला. सरांनी करंडीला चिठ्ठी लावली: 'तापमापक क्र. १. हलवू नये.' साहित्याच्या रजिस्टरमध्येही तशीच नोंद केली.

आता सगळं क्लाउडवर जाणार आहे, म्हणजे मी जाणार. तक्रार नाही. यंत्रांची काळजी घ्या, असं माझ्यासारख्याने शेवटी सांगायचं असतं. पण मित्रांनो, माझी काळजी घेणारी मुलगी अजून एक वर्ष इथे शिकणार आहे. मला खुशाल न्या. खोली तेवढी थंड राहू द्या.