तिसरीचा हात

"मास्तर, हिला एकदम तिसरीत घ्या," मल्हारी दारातूनच म्हणाला.

आत यायची त्याची हिंमत नव्हती आणि मीही त्याला ये म्हणालो नाही. खांद्यावर घोंगडी, हातात जोडे, अंगाला मेंढरांचा वास. त्याच्या मागे त्याची सात वर्षांची चांगुणा उभी होती. नाक वाहत होतं आणि नजर माझ्या दौतीवर खिळलेली होती.

"का? दुसरीने तिचं काय घोडं मारलंय?"

"तसं न्हाई मास्तर. सोयरीक झाली हाय तिची, कळमनुरीकडं. दोन वर्सांनी लगीन. पहिली झालीच. आता तिसरी अन् चौथी, दोन वर्सं बराबर बसतेत. दुसरीत बसली तर चौथी राहून जाती."

"मेंढरं राखायला चौथी कशाला लागते रे?"

त्याला राग आला नाही. या लोकांना राग येत नाही, याचाही मला राग यायचा.

"माझी माय बहिणीकडं आजारी होती," तो म्हणाला. "बहिणीचं कार्ड आलं. आमी रानात, वाचणारं कुनी न्हाई. तीन दिस पटक्यात खोसून फिरलो. वाचून घेतलं तव्हा माय जाऊन दोन दिस झाले हुते. हिच्यावर ती पाळी नगं."

दुसऱ्या कुणाला पाझर फुटला असता. त्याच्या पायांची धूळ शाळेच्या उंबऱ्यावर सांडतेय, तेवढंच मी पाहत होतो.

आमचं गाव साखऱ्याहून दोन कोसांवर. शाळेत मास्तर दोन. थोरले उत्तमराव, त्यांचं थोरपण एवढंच, की ते माझ्याआधी चार वर्षं चिकटले. सुपारी कातरण्यापलीकडे त्यांना काहीही धड येत नव्हतं. मला एक गोष्ट येत होती, ती म्हणजे बोरू तासणं. टोकाला असा तिरका काप द्यायचा, की एका बाजूला रेघ जाड उतरली पाहिजे आणि दुसऱ्या बाजूला बारीक. हिंगोलीच्या कचेरीतले कारकूनसुद्धा माणूस पाठवून माझे बोरू नेत. त्यामुळे उरलेल्या जगाला लिहिता येत नाही, अशी माझी पक्की समजूत झाली होती.

पहिली-दुसरी पाटीवर चालायची. तिसरीपासून कागद आणि बोरू. वर्षातून एकदा नाझर साहेब तपासणीला यायचे, ते मुलांच्या डोक्यात काय आहे हे कधी विचारत नसत. तिसरीच्या वह्या चाळायचे, अक्षर बघायचे, चहा घ्यायचे आणि घोड्यावर बसायचे. तेव्हा पोरगी तिसरीला लायक आहे का, याचा अर्थ एवढाच की तिचा हात बोरूवर बसतो का.

उत्तमरावांनी तिला पाटीवर काहीतरी मनाने लिहायला सांगितलं. तिने लिहिलं, 'पिल्लू हरवलं की आपण वरडायचं नाही. गप बसायचं. त्याची माय वरडते. मग पिल्लू कुठं हाय ते कळतं.'

उत्तमरावांची सुपारी तोंडातच राहिली. "तातेराव, चौथीतलं एक तरी कार्टं असं लिहील का हो?"

"पाटीवर कुणीही लिहितं," मी म्हणालो.

"मग हाताचं तुम्ही बघा. तुम्ही रजिस्टरात मांडाल त्यावर मी सही करतो."

मी पेटीतला सगळ्यांत चांगला बोरू काढला. खोटं कशाला बोलू, सगळ्यांत चांगलाच काढला. तिने तो डाव्या हातात घेतला.

"उजव्या हातात धर."

धरला, पण रेघसुद्धा निघेना. मग तिने गुपचूप हात बदलला आणि मी बघून न बघितल्यासारखं केलं. डाव्या हाताने तिने सुरुवात केली. बोरू कागदावर टेकेना, नुसती टोकाची कड घासत होती. शाई साचली, पहिल्याच ओळीत डाग पडला. तिसऱ्या ओळीला कागद फाटला. तिने माझ्याकडे पाहिलं. पाटीवर जे सुरेख येत होतं ते इथे का येत नाही, हे तिला कळत नव्हतं.

सगळा वर्ग ऐकत होता. मी मोठ्याने म्हणालो, "डाव्या हाताला विद्या येत नसते. तो हात कशासाठी असतो ते बापाला विचार."

पोरं खदाखदा हसली. दारात मल्हारीने मान खाली घातली. "बराबर हाय मास्तर," तो म्हणाला.

मी रजिस्टरात लिहिलं, 'लेखनास हात तयार नाही.' अक्षर झकास आलं. उत्तमरावांनी न वाचता सही ठोकली.

चार दिवसांनी बोरू गुंडाळायला कागद हवा होता म्हणून तिचाच कागद हाताला आला. सहज नजर गेली आणि मी थांबलो. कच्चा हात दर वेळी नवी चूक करतो. इथे चूक एकच होती. जिथे रेघ जाड हवी तिथे बारीक, जिथे बारीक हवी तिथे जाड, पहिल्या अक्षरापासून फाटलेल्या अक्षरापर्यंत. हात पक्का होता. काप उलटा होता. माझा बोरू उजव्या हाताचा होता.

बावीस वर्षं मी बोरू तासले, पण डाव्या हाताचा एकही तासला नव्हता. डावा हात ही माझ्या लेखी खोड होती, आणि खोडीसाठी कोणी बोरू तासतं का? मी एक नवा घेऊन काप उलट्या बाजूने दिला आणि डाव्या हाताने कागदावर टेकवला. तो सपाट बसला. सगळ्या कामाला पानाचा विडा चघळण्याइतकाही वेळ लागला नाही.

उत्तमरावांना सांगायचं म्हणजे माझा बोरू चुकला असं स्वतःच्या तोंडाने म्हणायचं, आणि तेही त्या सुपारीवाल्यापुढे. सांगू की नको या घोळात आणखी दोन दिवस गेले. शुक्रवार हा आमच्या शाळेचा सुट्टीचा वार. मी ओढा ओलांडून मल्हारीच्या पालाकडे गेलो.

त्याने लगबगीने घोंगडी अंथरली. चांगुणा मेंढरांच्या वाड्याजवळ पाटी घेऊन बसली होती. डावा हात लोकरीच्या दोरीने कमरेला बांधलेला होता.

"हे काय?"

"तिनंच बांधाया लावला. सहा दिस झाले. भाकर बी उजव्यानंच खाऊन राहिली."

"सोड आधी तो. मल्हारी, चूक माझी आहे. बोरू उलटा होता. पोरीचा हात चांगला आहे. हा बघ, हा डाव्या हाताचा. उद्या रजिस्टर मी स्वतः खोडतो, तिला तिसरीत बसव."

मल्हारीने हात जोडले. "मास्तर, तुमी लई मोठ्या मनाचे. लेकरू रडलं, तुमाला वाईट वाटलं. पन आमच्यापायी खोटं कशाला बोलता? तुमच्यावानी बोरू समद्या मुलखात कुनी तासत न्हाई. त्यो चुकल कसा?"

"अरे बाबा, चुकला! खरंच चुकला!"

"न्हाई मास्तर. अन् आता तिनं खंडोबाची आण घेतली हाय. डाव्या हातानं पुन्हा अक्षर काढायचं न्हाई. आण कशी मोडायची?"

मला लाज वाटली. माझ्या शिव्यांवर या माणसाचा विश्वास बसला होता, आणि माझ्या कबुलीला तो माझा चांगुलपणा समजत होता. दुसऱ्याला तुच्छ लेखायची मला सवय. त्या घोंगडीवर तुच्छ लेखायला मला माझ्याशिवाय कोणी सापडेना.

चांगुणा पाटी घेऊन आली. "मास्तर, बघा ना. आलं का आता?"

मी पाटी सरळ धरली, मग तिरपी धरली. पहिल्या आठवड्यातल्या पोराच्या असतात तशा रेघोट्या होत्या. एकही अक्षर लागेना.

"काय लिहिलंस?"

"माझं नाव."

"बराबर आहे," मी म्हणालो, आणि पाटी तिच्या उजव्या हातात दिली.