आधी आईकडे

सासूबाईंनी तीन पोरं वाढवली होती, त्यामुळे घरात डूला येणार म्हटल्यावर त्यांचा पाराच चढला. बाळंतिणीला आणि घरच्यांना सुरुवातीच्या दिवसांत आधार देणारी बाई, असं मुलानं समजावलं. "मग मी काय घरात शोभेला बसलेय?" मुलगा चहा टाकायला गेला. शहाणा होता.

पण अडचण खरीच होती. नातू टिल्लू अंगावर पीतच नव्हता. छातीशी धरला की मान झटकायचा, किंचाळून लालबुंद व्हायचा. वजन वाढेना. पुढच्या वेळी काटा हलला नाही तर वरचं दूध सुरू करू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. त्यात वाईट काही नव्हतं, पण सुनेला त्याला स्वतःच पाजायचं होतं, आणि रडून रडून ती अर्धी झाली होती. "त्याला मी नकोच आहे," ती म्हणायची. सासूबाई मग तिच्या डोक्यावरून हात फिरवत बसायच्या.

डूला आली ती त्यांच्याच वयाची निघाली. आता ही बाळ हिसकावणार, म्हणून सासूबाई पदर खोचून तयार होत्या. तिनं बाळाला हातसुद्धा लावला नाही. सिंकमधली भांडी घासली, सुनेच्या उशाशी पाणी ठेवलं आणि नुसती बघत बसली.

टिल्लूनं झोपेत ओठ चाळवले. लगेच सासूबाईंनी त्याला उचलून बाहेर आणला, सुनेची झोप मोडायला नको म्हणून. त्यांनी झुलवला. मग आजोबांनी खांद्यावर घेतला. मग बापानं खिडकीतून गाड्या दाखवल्या. टिल्लू मुठी चोखत होता, कुरकुरत होता; शेवटी त्यानं घर डोक्यावर घेतलं, तेव्हा कुठे त्याला आईकडे दिला. पुन्हा तेच, मान झटकणं.

"रोज असंच?" डूलानं विचारलं.

"मग! सुनेला काडीचा त्रास होऊ देत नाही आम्ही."

"ताई, तुम्हाला कडकडून भूक लागलीय, आणि ताटावर बसवायचं सोडून कुणी घरभर मिरवलं तर?"

"ताट भिरकावेन मी!" सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "अगं बाई... म्हणजे मीच उपाशी ठेवलं होय पोराला?"

"मायेपोटी केलंत. आता त्यानं ओठ चाळवले, की आधी आईकडे. मिरवणूक नंतर."

बोलणं सोपं होतं. जन्मभर पोरं उचलत आलेल्या बाईला हात आवरणं म्हणजे शिक्षाच! दुपारी टिल्लू चुळबुळला तशा सासूबाई अर्ध्या उठल्या आणि ओठ आवळून परत बसल्या. आजोबा पुढे सरसावले. "खबरदार!" त्या कडाडल्या. "वाटाणे सोला!" शेजारीण बाळ बघायला आली, तिला दारातूनच वाटेला लावलं.

आत सुनेनं अर्धवट झोपेतल्या बाळाला जवळ घेतलं. डूलानं तिच्या कोपराखाली उशी सरकवली. "तू वाकू नकोस, त्याला वर आण." एकदा निसटलं. पुन्हा निसटलं. मग बराच वेळ काहीच ऐकू येईना. सासूबाई दाराची चौकट धरून उभ्या.

"पितोय! आई, अहो, पितोय हा!"

सासूबाई तिथेच ढसाढसा रडल्या.

दवाखान्यात वजनाच्या दिवशी नर्सनं काटा पाहिला. "वाढलंय की! चांगलंच वाढलंय."

"ऐकलंत का!" सासूबाईंनी बाकावर बसलेल्या अनोळखी लोकांना ठणकावून सांगितलं. "वाढलंय!" कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

तिथेच टिल्लूनं ओठ चाळवले. सून भिंतीकडे तोंड करून बसली, अंगावर ओढणी घेतली, आणि त्यानं एका झटक्यात पकडलं. सासूबाई पर्स छातीशी घट्ट धरून बसून राहिल्या. त्याचं पोट भरल्यावर सून वळली. इतके दिवस सासूबाईंनी त्याला तिच्या कुशीतून उचलून नेलं होतं. आज तिनं आपणहून तो त्यांच्या हातात ठेवला.

"घ्या आई," ती म्हणाली. "आता मिरवा."