शपथेतलं नाव

मर्लमावशीनं निखाऱ्यातली भाकरी उकरून काढली, राख झटकली आणि चहाचं डबडं विस्तवावर चढवलं. गेलेल्याचा जीव वाटेला लागावा म्हणून घरभर हिरव्या पाल्याचा धूर देऊन आठवडा झाला होता, तरी पडद्यांना अजून वास होता. तिचा नवरा टाउन्सव्हिलच्या मोठ्या इस्पितळात वारला आणि अजून तिथंच शवागारात पडून होता. पेटी आणि गाडी करून त्याला गावी आणायला साडेतीन हजार डॉलर सांगितले होते.

त्याचं नाव या गोष्टीत येणार नाही. ऑस्ट्रेलियातल्या या आदिवासी वस्तीत गेलेल्या माणसाचं नाव कुणी घेत नाही. घेतलं तर त्याचा जीव मागं वळतो आणि आपल्या मुलखाची वाट चुकतो. त्याच नावाच्या शेजारच्या माणसालाही सगळे सध्या ‘अरे, ऐक’ म्हणून हाक मारत होते.

“मावशी, सरकारचा माणूस आलाय. निदान टोपी तरी बदल,” भाचा क्लॅरीनं हाक दिली. “लग्नाला चाललीस असं दिसू दे की,” तो दारातून म्हणाला. साठी उलटलेला, घोड्यावरून पडून पाय वाकडा झालेला माणूस.

“लग्नात जेवायला तरी घालतात,” मावशी म्हणाली आणि टोपी बदलली.

तिचा नवरा पोरवयापासून गोऱ्या मालकाची गुरं वळत होता. मावशी त्याच मालकाच्या घरी धुणी धूत होती, त्याच्या बायकोची पोरं वाढवत होती. हातात पडायचं ते पीठ, साखर आणि तंबाखू. पगार सरकारी अधिकाऱ्याकडं जमा व्हायचा. ‘तुमच्यासाठी जपून ठेवतो’ म्हणायचे. इतका जपला, की तो पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडला नाही. आता पन्नास वर्षांनी सरकारला जाग आली होती, म्हणजे वरातीमागून घोडं. चार वर्षं राबलेला असो की चाळीस, सगळ्यांना बुडालेल्या पगारापोटी सरसकट चार हजार डॉलर. मावशीचा अर्ज फेटाळला गेला, कारण तिच्या कामाचा कागद सापडला नाही. नवऱ्याचा मात्र त्याच्या हयातीतच मंजूर झाला होता.

सभागृहात प्रेंटिस नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं आधी वडीलधाऱ्यांना आदरानं वंदन केलं. मग ध्वनिक्षेपकावरून मावशीच्या नवऱ्याचं नाव पुकारलं. बायकांनी माना खाली घातल्या. ऐकू गेलं नसावं असं वाटून त्यानं ते आणखी मोठ्यानं पुकारलं.

“अहो, बस करा. तो गेला,” क्लॅरी म्हणाला.

प्रेंटिस खरोखरच ओशाळला. माणूस वाईट नव्हता, पण नियमाबाहेर पाऊल टाकणारा नव्हता. “बाई, पैसे तुम्हाला मिळतील,” तो म्हणाला, “पण तुमच्या लग्नाची नोंद नाही. तेव्हा मी अमक्याची बायको, अशी साक्षीदारासमोर शपथ घ्यावी लागेल. नाव घेऊन.”

“तुम्ही म्हणा, मी मान हलवते.”

“तसं नाही चालत.”

“त्याच्या पाठीवर मालकाच्या चाबकाचा वण आहे. कुठं ते सांगते. बायकोशिवाय कोण सांगेल?”

“मला पटतंय हो. पण नाव लागेल. हळू म्हणा, इथं कोण ऐकतंय?”

“तोच ऐकतोय,” मावशी म्हणाली.

क्लॅरी तिच्या कानाशी वाकला. “मावशी, म्हणून टाक. त्याला घरी आणायचंय ना?”

“आणायचंय म्हणूनच नाही म्हणत. नाव घेतलं तर पेटीतून काय आणशील, नुसती हाडं?”

त्या पैशांवाचून नवरा परक्या मातीत जाणार, हे तिला दिसत होतं. तरी ती उठली.

“पोरा, तुझ्या सरकारकडं त्याचं नाव पन्नास वर्षं होतं. गुरं हरवली की घेतलंत, चाबूक मारताना घेतलंत. पगाराच्या दिवशी एकदाही घेतलं नाहीत. तेव्हा तो ओ द्यायला होता. आता काय ते माझ्या तोंडून काढून घेतोस?”

प्रेंटिसनं पाण्याचा घोट घेतला आणि पुढचं नाव पुकारलं. ते क्लॅरीचं होतं; तोही जन्मभर गोऱ्यांची गुरं वळत आला होता.

यापुढं सरकारकडं काही मागणार नाही, असं चेकआधी सही करायच्या कागदावर छापलेलं होतं. क्लॅरीनं ते वाचून घेतलं, एक कडक शिवी हासडली आणि सही केली. चेक घेऊन तो लंगडत थेट टेलिफोनकडं गेला.

शुक्रवारी पेटी आली. मावशी पाल्याचा धूर घेऊन रस्त्यावर उभी होती. तिनं नवऱ्याला त्याच्या मुलखात पोचवलं, नाव न घेता.

जन्मभर फुकट राबलेल्या एका माणसाच्या मजुरीतून, जन्मभर फुकट राबलेला दुसरा माणूस घरी आला. सरकारी दप्तरात मावशीच्या नवऱ्याच्या दाव्यापुढं शेरा पडला, ‘वारस पुढे आला नाही’, आणि चार हजार वाचले. याला तिकडं भरपाई म्हणतात. वाचकहो, तुम्ही काय म्हणाल?