बॅटरीचा विसावा

देवळातल्या ग्यासबत्तीचं मँटल फुटलं, तेव्हा ठेकेदाराची जीप चालवणाऱ्या मुखरूनंच ती समोर आणून दिवे लावले. इंजिन मात्र बंद ठेवलं. त्या घरघरीत भैयाजीबुवांचा शब्द ऐकू आला नाही, तर कीर्तनाचा काय उपयोग? कथेत मगरीनं गजेंद्राचा पाय धरला होता अन् सारं गाव श्वास रोखून बसलं होतं.

पांढरे दिवे हळदीसारखे पिवळे होत चालले. बॅटरी बसते आहे, हे मुखरूनं ओळखलं. पण गजेंद्राला मगरीच्या तोंडी सोडून उठवेना.

इतक्यात सोमारी धावत आली. तिच्यामागे चौघांनी खाटेवर उचलून आणलेला तिचा नवरा इतवारी. शेतात रानडुकरानं मांडी फाडली होती.

"भाऊ, याले चांद्याच्या दवाखान्यात ने!"

इतवारीला जीपमध्ये निजवलं. मुखरूनं स्टार्टर दाबला. इंजिन एकदा कण्हलं, दिवे निखाऱ्यासारखे लाल झाले अन् नुसतं 'कट्' वाजलं.

"काऊन थांबला?" सोमारी ओरडली.

"बॅटरी दमली, बाई. पुन्हा दाबलं तं ठिणगीपुरतंबी उरणार नाई. दिवे बंद करून जराशी निजू देतो, मंग हँडल मारतो."

"लोखंड बी दमते काय गा?" म्हातारा वारलू म्हणाला.

"तुह्या बैलावानी, वारलूभाऊ. फक्त हंबरत नाई."

अंधार झाला. बुवांचा आवाज आला, "उठू नका कोणी. इतवारीसाठी नाव घ्या!" टाळ वाजू लागले. सोमारी आपल्या देवाला गोंडीत हाका मारत होती. तिची हाक गजरात मिसळून गेली.

गजर ओसरला तसा मुखरूनं जीपच्या पुढून हँडल घालून इंजिन फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. इंजिन खोकलं, थरथरलं अन् एकदम गरजलं! आत बसून त्यानं दिवे लावले; पेडल दाबताच उजेड वाढत वाढत पार सागाच्या शेंड्यांपर्यंत चढला. मुखरूच्या अंगावर काटा आला. संपलं म्हणावं तिथं एवढंसं उरलं होतं, अन् नुसत्या विसाव्यानं ते जागं झालं होतं. त्यानं बॉनेटला हात जोडले.

"अरे, नमस्कार मंग कर!" बुवा ओरडले. "आधी गाडी काढ!"

चांद्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी इतवारीची मांडी शिवली. तो वाचेल, असं ऐकल्यावरच मुखरूनं दारात घरघरत ठेवलेली जीप बंद केली.